दादांची हत्यारांची गुंडाळी

प्रवासाला निघताना बरोबर काय काय घ्यावयाचे, याची यादी आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला तोंडपाठ असते. दशम्या, कोरडी चटणी, लोणच्याची लहान बरणी, फिरकीचा तांब्या, सतरंजी, मुलांसाठी जास्तीचे कपडे, वडील माणसांची औषधे. घर आमच्यासारखे इंदूरचे असेल, तर शेवेचा पुडा सांगावाच लागत नाही. तो आपोआप पिशवीत जाऊन बसतो. या यादीवर आजवर आम्ही कधी शंका घेतली नाही. परंतु आमच्या घरात आणखी एक यादी होती. ती कोठेही लिहिलेली नव्हती. ती दादांच्या हातात होती, आणि दादा गेल्यावर ती आम्ही आमच्याच हाताने घराबाहेर घालविली. ती परत कशी मिळविली, हे वाचकांना सांगावयाचे आहे. वरवर पाहता हा लेख जीपगाडीच्या हत्यारांविषयी आहे. ज्यांच्याकडे जीप नाही, त्यांनीही तो वाचावा अशी विनंती आहे.

दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून त्यांची बरीच वर्षे निमाडात गेली. १९९८ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी सरकारी लिलावात त्यांनी १९८९ सालची एक जीप घेतली. घरातील सर्वांनी नाके मुरडली. वहिनी मात्र काही बोलल्या नाहीत. पुढे अठरा वर्षे दादा आणि वहिनी त्या जीपमधून हिंडत राहिले. कधी मांडू, कधी बडवानीजवळचे बावनगजा, कधी पचमढी, आणि वर्षातून दोनदा तरी नर्मदेचा काठ. डांबरी रस्ता सोडून गाडी शेतवाटेला लागली की दादांचा चेहरा उजळत असे.

त्यांच्या आसनाखाली खाकी ताडपत्रीची एक गुंडाळी असे. तेलाने काळवंडलेली, नाडीने बांधलेली. तिच्यात निरनिराळे पाने, पक्कड, छिन्नी, तारेचे भेंडोळे असे काय काय होते. ती गुंडाळी दिसावयास गबाळी होती, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो.

२०१६ च्या जुलैमध्ये दादा गेले. जीप आमच्याकडे आली. त्या वर्षी दिवाळी करावयाची नव्हती, तरी घराची साफसफाई झालीच. रद्दीवाला आला, तेव्हा वर्तमानपत्रे, फुटके पंप आणि गंजके पत्रे यांच्याबरोबर आम्ही ती गुंडाळीही तराजूत टाकली. मिळाले असतील शंभर-सव्वाशे रुपये. त्यानंतर आम्ही बाजारातून एक नवी कोरी हत्यारपेटी आणली. निळी, प्लॅस्टिकची, आतल्या प्रत्येक खाचेत एक चकचकीत पाना. पेटी उघडली की दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेच्या ट्रेची आठवण यावी. दादांपेक्षा आपण अधिक व्यवस्थित आहोत, असा विचार त्या वेळी मनात डोकावून गेला, हेही सांगून टाकतो.

२०१७ च्या जूनमध्ये, वर्षश्राद्धाच्या आधी, वहिनींनी एक इच्छा बोलून दाखविली. नर्मदेच्या उत्तर काठी एक लहानसे गाव आहे. दादांची पहिली नेमणूक तेथली. त्या गावच्या घाटावर एक दिवा सोडावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वहिनी तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. आम्ही, आमची सौ., चिरंजीव आणि वहिनी असे चौघे पहाटे निघालो. महू मागे टाकले, जाम दरवाज्यापाशी थांबून विंध्याच्या कड्यावरून खाली पसरलेला निमाड पाहिला, घाट उतरून मंडलेश्वर गाठले. तेथून पुढे कच्ची वाट. दुपारी दिवा सोडून झाला. परतताना आकाश भरून आले, आणि वाट जवळची पडावी म्हणून आम्ही एका कोरड्या नाल्यातून गाडी घातली.

नाल्याच्या मध्यावर गाडीखाली मोठा खडखडाट झाला. इंजिन चालू, गियर पडलेला, पण गाडी जागची हलेना. चिरंजीव खाली वाकून पाहू लागले. मागच्या चाकांकडे जोर नेणारा जो लोखंडी दांडा असतो, ज्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात, त्याच्या सांध्यातला क्रॉस तुटला होता. गाडीचा दोष नव्हता. त्या सांध्यात वेळोवेळी ग्रीस भरावे लागते. दादा ते भरीत. आम्ही वर्षभरात एकदाही भरले नव्हते. मोबाइलला रेंज नव्हती, आणि उत्तरेकडे विंध्याच्या माथ्यावर पाऊस कोसळताना स्पष्ट दिसत होता. तेथे पडलेले पाणी कोठे येणार, हे त्या नाल्यातले गोटेच सांगत होते.

आम्ही निळी पेटी उघडली आणि गाडीखाली शिरू लागलो, तोच वहिनींचा आवाज आला.

"भावजी, थांबा. आधी चाकांना दगड लावा."

"हँडब्रेक ओढला आहे, वहिनी."

"या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही. त्या शाफ्टच्या मुळाशीच आहे. शाफ्ट सुटला की ब्रेकही गेला. यांनी मला किती वेळा सांगितले आहे."

हे सांगता सांगता त्या स्वतः खाली उतरल्या, पदर खोचला आणि दोन मोठे गोटे उचलून मागच्या चाकांना लावले. आम्ही थक्क होऊन पाहत राहिलो. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. या जातीच्या जुन्या जीपमध्ये हातब्रेकचा डबा गियरच्या पेटीमागे, मागच्या शाफ्टच्या टोकाशी असतो. उतारावर दगड न लावता आम्ही तो शाफ्ट सोडविला असता, तर गाडी आमच्या अंगावरून मागे गेली असती.

वहिनी पुढे म्हणाल्या, "मागचा शाफ्ट पुरता काढून टाका. मग पुढच्या चाकांचा दांडा ओढला की गाडी पुढच्या चाकांवर चालते. यांनी दोनदा तशी घरी आणली होती."

उपाय तर मिळाला. आता फक्त नट सोडवावयाचे होते. निळ्या पेटीतला बारा नंबरचा पाना नटावर बसेना. तेराचा बसला, पण जोर देताच सटकला. दुसऱ्यांदा जोर दिला, तेव्हा नटाचे कोपरेच गोल झाले. वहिनी काठावरच्या खडकावर बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारले, "यांची ती खाकी गुंडाळी कुठे आहे? तिच्यात 'अर्ध्या'चा पाना होता."

आम्ही गाडीखालीच पडून राहिलो. उत्तर देण्याचे धैर्य झाले नाही. वहिनींनी पुन्हा विचारले नाही.

अखेर चिरंजीव गावात धावत गेले आणि पाऊण तासाने एका जुन्या ट्रॅक्टरवर बसून परतले. ट्रॅक्टरवाल्याने खाली डोकावून पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, ये आधे इंच का काम है, तेरह से नहीं होगा." त्याच्या ट्रॅक्टरच्या हत्यारांत अर्ध्या इंचाचा पाना होता. तीन नट पाहता पाहता सुटले. चौथा, आम्ही गोल करून ठेवलेला, त्याने छिन्नीने फोडला. आमचा नायलॉनचा दोर पहिल्याच हिसक्यात तुटला. तेव्हा त्याने स्वतःची साखळी लावून आम्हांला काठावर ओढून काढले. पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. रात्री आम्ही त्याच्याच ओसरीवर झोपलो. अकराच्या सुमारास नाल्याला पाणी आल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. सकाळी जाऊन पाहिले, तर आमच्या चाकांच्या खुणा होत्या तेथे छातीभर गढूळ पाणी वाहत होते.

पुढच्या चाकांवर गाडी हळूहळू इंदूरला पोहोचली. आठ दिवस आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी एका संध्याकाळी वहिनींसमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "वहिनी, ती गुंडाळी आम्ही रद्दीत विकली."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तराजूत टाकली, तेव्हा मी वर सज्जात उभी होते. म्हटले, आता ती कोण वापरणार? मला तरी कुठे सुचले थांबवायचे?" थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वही आणा. आठवते तेवढे सांगते."

अठरा वर्षे दादा गाडीखाली असत आणि वहिनी शेजारी उकिडव्या बसून बॅटरी धरीत, मागतील ते हत्यार हातात देत. आम्ही समजत होतो की वहिनी गाडीत नुसत्या बसून असत. वास्तविक ती सारी यादी त्यांच्या बोटांना पाठ होती. त्या सांगत गेल्या, आम्ही लिहीत गेलो. जेथे त्यांना आठवेना, तेथे आमच्या जुन्या उस्तादांनी भर घातली. त्या वहीचे सार पुढे देत आहोत.

पहिली गोष्ट पान्यांची. जीपचा मूळ नमुना अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धातला. आपल्या देशात तिची जुळणी पुढे होऊ लागली. त्यामुळे तिचे आस, सांगाडा, शाफ्ट यांचे नट इंचाच्या मापाचे. पुढे तिच्यात फ्रेंच धाटणीचे डिझेल इंजिन बसले, त्याचे नट मिलिमीटरचे. म्हणजे एकाच गाडीत दोन भाषा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. अर्धा इंच १२.७ होतो. म्हणून बाराचा पाना चढत नाही आणि तेराचा चढतो, पण नट खातो. पाऊण इंच १९.०५ होतो, म्हणून एकोणीसचा पाना बहुधा चालून जातो. या 'चालून जाण्या'वरच माणूस फसतो. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणां मंडळींना दोन भाषांचा संसार नवा नाही. पण एका भाषेचा शब्द दुसरीत दडपून बसविला की त्याचे कोपरे झिजतात, हे नटांनाही लागू आहे, हे त्या दिवशी समजले.

म्हणून दोन रविवार आम्ही खडू आणि वही घेऊन गाडीभोवती फिरलो. प्रत्येक नटाला पाना लावून पाहिला, माप लिहिले. इंचाचे पाच निघाले : ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४. इंजिनासाठी मिलिमीटरचे चार मुख्य : १०, १३, १७ आणि १९. एवढ्यांवर वाटेतली बहुतेक कामे भागतात. प्रत्येकी एक रिंगचा आणि एक उघड्या तोंडाचा. निळ्या पेटीतले कित्येक पाने आमच्या गाडीवर कोठेच बसत नव्हते. ते आम्ही ओझे म्हणून वाहत होतो. ज्याला आपल्या गाडीची यादी करावयाची असेल, त्याने दुकानात जाण्यापूर्वी गाडीखाली जावे.

दुसरी गोष्ट चाकांची. जॅक सर्वांकडे असतो, पण वाळूत आणि काळ्या मातीत जॅकच जमिनीत रुततो. त्याच्याखाली ठेवावयास एक फूट लांबरुंद, दोन इंच जाड लाकडी फळी हवी. चाकाच्या पान्यावर चढवावयास हातभर लोखंडी नळी असावी, म्हणजे घट्ट बसलेले नट बाईमाणसालाही सुटतात. पायाने मारावयाचा पंप, हवा मोजण्याचे माप, एक जास्तीची ट्यूब आणि पंक्चरचे सामान हवे. वाळूत चाकांतली हवा थोडी कमी केली की ते पसरट होऊन रुतत नाही. मात्र पक्क्या रस्त्याला लागताच ती पुन्हा भरावी लागते. म्हणून पंपाशिवाय हवा सोडू नये.

तिसरी गोष्ट रुतण्याची. आमच्या माळव्याची काळी माती पावसात चाकाला अशी चिकटते की चाकाचा रांजण होतो. तेथे इंजिनाचा जोर कामास येत नाही. आखूड दांड्याचे फावडे, चाकाखाली टाकावयास चार गोणपाटे आणि ओढण्यासाठी योग्य वजन पेलणारा पट्टा किंवा साखळी हवी. ओढताना बाकीच्यांनी लांब उभे राहावे. तुटलेला दोर चाबकासारखा उलटतो, हे आम्ही पाहिले आहे.

चौथी गोष्ट बारीकसारीक सामानाची. फॅन बेल्ट, रेडिएटरची नळी आणि तिच्या क्लिपा, फ्यूज, वायर, चिकटपट्टी, बांधणीची तार, पक्कड, दोन पेचकस, हातोडी, छिन्नी, ग्रीसची पिचकारी, दहा लिटर पाणी. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर इंजिन फिरते पण पेट घेत नाही. तेव्हा कोणता स्क्रू सैल करून हवा काढावयाची, हे उस्तादांकडून आधीच शिकून घ्यावे. आणि धुण्याच्या साबणाची एक वडी. टाकीला दगड लागून डिझेल झिरपू लागले, तर तेथे साबण घासून दाबावा. घरी पोहोचेपर्यंत गळती धरून ठेवतो. ही युक्ती वहिनींनी सांगितली. दशम्यांच्या डब्याशेजारी साबणाची वडी का असे, याचा उलगडा आम्हांला तेव्हा झाला.

शेवटी एक नियम. जे वापरता येत नाही, ते बरोबर घेऊ नये. आणि जे घेतले आहे, ते घरी एकदा वापरून पाहावे. दर पावसाळ्यापूर्वी आम्ही रात्री अंगणातले दिवे मालवून एक चाक उतरवितो आणि पुन्हा चढवितो. आता आमच्या सौ.लाही ते येते. पहिल्या वर्षी शेजारची मंडळी गच्चीवरून पाहून हसली. दुसऱ्या वर्षी त्यांतले एक काका आपली गाडी घेऊन शिकावयास आले.

यादी पुरी झाल्यावर वहिनींनी जुन्या ताडपत्रीचा तुकडा मागवून घेतला आणि जाड सुई घेऊन स्वतः गुंडाळी शिवली. प्रत्येक पान्याला एक कप्पा. इंचाच्या कप्प्यांना तांबड्या दोऱ्याची शिवण, मिलिमीटरच्या कप्प्यांना निळ्या. अंधारातही कळावे म्हणून तांबड्या कप्प्यांच्या काठाला एकेक गाठ घातली. "बॅटरी संपली तर?" एवढेच त्या म्हणाल्या. गुंडाळी आसनाखाली पट्ट्याने बांधलेली असते. गाडी कलंडली तर सुटे लोखंड घरातल्याच माणसांच्या डोक्यात बसते, म्हणून काहीही सुटे ठेवावयाचे नाही, हा दादांचा दंडक होता. तो पुन्हा चालू झाला.

२०१८ च्या संक्रांतीला आम्ही त्याच गावी गेलो. वहिनींनी तिळगूळ नेला होता. ट्रॅक्टरवाल्याने गुंडाळी उघडून एकेक पाना काढून पाहिला, अर्ध्या इंचाचा हातात तोलला आणि हसून विचारले, "वो तेरह वाला डिब्बा कहाँ गया?" आमच्याकडे उत्तर होते. निळ्या पेटीतले जे पाने आमच्या गाडीला लागत नव्हते, ते आम्ही उस्तादांकडे शिकणाऱ्या एका मुलाला देऊन टाकले होते. त्याच्याकडे येणाऱ्या नव्या गाड्यांना ते सारे बसतात. वाईट हत्यार असे काही नसते. ते चुकीच्या गाडीत होते.

दादांची मूळ गुंडाळी परत आली नाही, ती येणारही नाही. तिच्यातला एकेक पाना त्यांनी एकेका अडचणीनंतर घेतलेला होता. ती अठरा वर्षांची कमाई आम्ही वजनावर दिली. घरातील वडील माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंची आवराआवर सर्वांनाच करावी लागते. तेव्हा वाचकहो, एवढेच सुचवावेसे वाटते की गबाळी दिसणारी वस्तू तराजूत टाकण्यापूर्वी, ती वापरताना शेजारी कोण बसत असे, त्याला एकदा विचारावे.

आता निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनी ओसरीवर सतरंजी पसरून गुंडाळी उघडतात आणि वहीशी ताडून पाहतात. गुंडाळीच्या वर, सर्वांत आधी हाताला लागतील अशा, बाभळीच्या लाकडाच्या दोन पाचरी बांधलेल्या असतात. त्यांनी त्या सुताराकडून मुद्दाम करवून घेतल्या आहेत. चाकांना लावावयाच्या. त्यांची गाठ त्या स्वतः मारतात, ओढून पाहतात, आणि मगच दशम्यांचे पीठ भिजवावयास आत जातात.